प्रश्न वाचकांचे : आधी दात, मग हसू

तुळशीचं लग्न लागलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. गुडघे आणि मधुमेह मागे पडतात. चेहरा, केस आणि दात पुढे येतात. या वेळी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा भेटला : व्हिनिअर. कल्याण-बदलापूरच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर तो आहे, मोबाइलवरच्या चित्रफितींत आहे, आणि आता लग्नघरांच्या हिशेबाच्या वहीतही शिरला आहे. म्हणून या वेळचं सदर त्या एकाच विषयाला.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. वैशाखात लग्न आहे. तिचे दात पहिल्यापासून थोडे पिवळसर, आणि शाळेत असताना सायकलवरून पडल्यामुळे पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला. एका दवाखान्यात सांगितलं, "वरच्या आठही दातांना व्हिनिअर करून टाका, हप्ते पाडून देतो." हे व्हिनिअर म्हणजे नेमकं काय? आणि आठही दातांना करायलाच हवं का?
— एक वडील, शहापूर

व्हिनिअर म्हणजे पुढच्या दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर कायमचं चिकटवलेलं, दाताच्याच रंगाचं पातळ कवच. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. ते पोर्सिलिनचं असतं किंवा कॉम्पोझिटचं. कॉम्पोझिट म्हणजे दात भरायला वापरतात तेच दातरंगी मिश्रण. दाताची मागची बाजू बहुतेक मोकळीच राहते. कॅप वेगळी. ती दाताला चारी बाजूंनी झाकते, म्हणून तिच्यासाठी दात चारी बाजूंनी कापावा लागतो. ब्रिटनमधून तुर्कस्तानात स्वस्तात दात करून घ्यायला जाणाऱ्या तरुणांची गेल्या काही वर्षांत बरीच चर्चा झाली, ती याच फरकावरून. व्हिनिअर मिळतील असं समजून गेलेल्या कित्येकांचे धडधाकट दात कापून खुंट केले गेले आणि त्यांवर कॅप चढवल्या गेल्या. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : तुम्ही व्हिनिअर म्हणता ते व्हिनिअरच आहे, की कॅप?

आता मुद्द्याची गोष्ट. कवच बसवल्यावर दात फुगीर दिसू नये म्हणून जागा करावी लागते. त्यासाठी दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासून काढतात. काही दातांना अजिबात घासावं लागत नाही, पण ते दाताच्या ठेवणीवर अवलंबून. आणि एनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतायेताच संपलेल्या असतात. हाड जुळतं, कातडी भरून येते. एनॅमलला ती सोय नाही. म्हणजे एकदा दात घासून व्हिनिअर बसवलं की आयुष्यभर त्या दातावर काही ना काही बसवत राहावं लागणार. चांगलं पोर्सिलिन दहा-पंधरा वर्षं टिकतं, काहींचं त्याहून जास्त. पंधरा वर्षांचा हिशेब धरला तरी तुमच्या लेकीला ३९, ५४ आणि ६९व्या वर्षी ते बदलायची वेळ येईल. हप्ते पाडून देणाऱ्यांनी हा पुढचा हिशेब सांगितला का?

माझं मत विचाराल तर तुमच्या मुलीच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या सोडवता येतात. पिवळेपणासाठी आधी दातांची सफाई करून घ्या. बऱ्याचदा निम्मा पिवळेपणा म्हणजे कीटण आणि चहाचे डागच असतात. उरलेला पिवळेपणा एनॅमलखालच्या डेंटिनचा रंग वर दिसतो म्हणून असतो. तो आजार नव्हे. तो कमी करायचा असेल तर ब्लीचिंग करता येतं. दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून देतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री घालायचा, साधारण दोन आठवडे. या काळात दात थोडे झिणझिणतात, नंतर थांबतात.

मग तुटलेला कोपरा. तो कॉम्पोझिटने एका बैठकीत, दात जवळजवळ न घासता भरता येतो. मात्र क्रम चुकवू नका : आधी ब्लीचिंग, मग कोपरा. कारण कॉम्पोझिट किंवा पोर्सिलिन ब्लीचिंगने उजळत नाही. आधी कोपरा भरला आणि मग दात उजळले, तर तो कोपरा पिवळट ठिपक्यासारखा उठून दिसेल. शिवाय ब्लीचिंगनंतर दोनेक आठवडे थांबावं लागतं. दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्यात अडथळा आणतो, आणि दाताचा रंगही तोवर स्थिरावतो. वैशाखातलं लग्न असेल तर माघातच सुरुवात करा. आणि एक : पडल्यामुळे मार बसलेला दात जिवंत आहे ना, हे एक्स-रे काढून पाहून घ्या. बाकी दातांपेक्षा तो करडा दिसत असेल तर आतली नस मेलेली असू शकते. तसं असेल तर आधी रूट कॅनॉल, मग बाकी सगळं.

मग व्हिनिअर खरोखर कुणासाठी? लहानपणी टेट्रासायक्लिन दिल्यामुळे दातांवर करड्या-तपकिरी पट्ट्या आल्या असतील, दात जन्मतःच लहान आणि निमुळता असेल, पुढच्या दातांच्या कडा झिजून गेल्या असतील, किंवा एकाच दातात जुन्या भरणांची ठिगळं झाली असतील, तर व्हिनिअर चांगला उपाय आहे. थोडा पिवळेपणा आणि एक कोपरा, एवढ्यासाठी आठ दात घासायचे, हे मला पटत नाही. शेवटी मुलीला स्वतःला काय खटकतं तेही विचारा. स्थळ पसंत पडलं ते याच दातांसह.

प्रश्न : मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या कपाटांना रंग देण्याच्या विभागात काम करतो. पत्रा आम्लाच्या टाकीतून नीट काढला नाही तर रंगाचे पापुद्रे सुटतात. मग तोंडात सतत लाळ, गरम चहा, चावणं एवढं सगळं असताना अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर वर्षानुवर्षं चिकटून राहतं कसं?
— एक कामगार, मुरबाड

निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. या शोधाचा धागा खरोखरच तुमच्या टाकीपासून निघतो.

अमेरिकेत हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. १९२८ साली त्यांनी नटनट्यांच्या दातांवर बसवायला पातळ कवचं करायला सुरुवात केली. शर्ली टेंपल या बालनटीचे दुधाचे दात पडत होते. पडद्यावर त्या फटी दिसू नयेत म्हणून तिच्यासाठीही त्यांनी अशी कवचं केली. पण ती चिकटायची कवळीच्या भुकटीने. चित्रीकरणापुरती टिकायची, जेवायच्या आधी काढून ठेवावी लागायची. दाताला धरून राहील असं काही तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

ते सापडलं १९५५ साली. रॉचेस्टरचे मायकेल ब्युनोकोर यांना ठाऊक होतं की कारखान्यात रंग धातूला नीट धरावा म्हणून आधी त्यावर फॉस्फोरिक आम्ल वापरतात. तेच दातावर करून पाहिलं तर? त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल एनॅमलवर अर्धा मिनिट लावलं, धुतलं आणि वर प्लॅस्टिकच्या जातीचं रेझिन लावलं. आम्ल न लावलेल्या दातापेक्षा ते कितीतरी जास्त काळ टिकलं. १९६२ साली राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हे टिकाऊ रेझिन दिलं. आजच्या बहुतेक कॉम्पोझिटचा पाया तोच. राहिला प्रश्न पोर्सिलिनचा. काचेसारख्या गुळगुळीत पोर्सिलिनला रेझिन कसं धरणार? १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये सिमन्सन आणि कॅलामिया यांनी दाखवलं की पोर्सिलिनची आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरवडली की तीही रेझिनला घट्ट धरते. आजचं पोर्सिलिन व्हिनिअर तेव्हापासूनचं.

आता दवाखान्यात प्रत्यक्ष काय घडतं ते पाहा. दात सुका ठेवायला भोवती रबराचा पडदा किंवा कापूस लावतात. दातावर निळसर जेल लावतात. हे आता ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्ल. पंधरा ते तीस सेकंद ठेवून पाण्याने धुतात आणि हवेने सुकवतात. मघापर्यंत चकचकणारा दात त्या जागी खडूसारखा मलूल पांढरा दिसू लागतो. म्हणजे एनॅमलमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडली. त्यांत पातळ रेझिन उतरतं. दुसरीकडे व्हिनिअरच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि मग सिलेन नावाचं जोडद्रव्य लावलेलं असतं. दोन्हींमध्ये रेझिनचं सिमेंट घालून व्हिनिअर दाबून बसवतात आणि निळा प्रकाश टाकतात. त्या प्रकाशाने सिमेंट काही सेकंदांत कडक होतं. दोन्हीकडच्या भोकांत त्याची मुळं रुतलेली असतात. निघणार कुठून?

मात्र हे सगळं एनॅमलवर. एनॅमल वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं, कोरडं करता येतं. त्याखालच्या डेंटिनमध्ये पाणी आणि प्रथिनं भरपूर असतात, तिथे ही पकड कमी भरवशाची. म्हणूनच जास्त घासलेल्या दातावरचं व्हिनिअर लवकर सुटतं, आणि म्हणूनच लाळ लागलेल्या दातावर घाईत चिकटवलेलं व्हिनिअर तुमच्या न धुतलेल्या पत्र्यावरच्या रंगाच्या वाटेने जातं.

प्रश्न : मी अंगणवाडीत काम करते. वय ४१. लहानपणापासून मशेरी लावायची सवय. दात काळपट झाले, पुढच्या दोन दातांची हिरडी वर सरकली आहे. भाच्याच्या लग्नात फोटोत हसायला लाज वाटली. व्हिनिअर बसवून मिळेल का?
— एक वाचक, टोकावडे

ताई, लाज वाटायची काही गरज नाही. आपल्याकडे घरोघरी आजी-मावशांनी मशेरी लावली, मुलींनी ती पाहून उचलली. पण खरं सांगायचं तर आज कुणी तुम्हाला व्हिनिअर बसवून देत असेल तर बसवू नका.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. ती दातावर चोळली की तीन गोष्टी होतात. दात काळे पडतात. भुकटीच्या घासणीने आणि हिरडीवरच्या जळजळीने हिरडी मागे सरते, मुळाचा भाग उघडा पडतो. आणि तिसरी सगळ्यांत वाईट : मशेरी तंबाखूच असल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चूळ भरून टाकली तरी निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच. म्हणून तर सकाळी लावली नाही की डोकं जड होतं.

ओल झिरपणाऱ्या भिंतीवर कितीही महागाची फरशी लावली तरी ती वर्षभरात सुटते, तसंच हे. हिरडी सरकत असेल तर आज हिरडीच्या कडेपर्यंत बसवलेलं व्हिनिअर उद्या उघडं पडतं आणि त्याच्या वर काळी रेघ दिसू लागते. मशेरी चालू राहिली तर पोर्सिलिन स्वतः काळं होणार नाही, पण त्याच्या कडेचं सिमेंट होईल.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मशेरी सोडा. एकटीने जमत नसेल तर १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. तिथे समुपदेशक बोलतात. मग मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे तोंड तपासून घ्या. आरशात स्वतःही पाहा : गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या कडेला पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का? सुपारीही खात असाल तर आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. तीन बोटं सहज जात नसतील तर तोंड आवळत चाललं आहे. यातलं काहीही आढळलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.

यातलं काही नसेल तर दातांची नीट सफाई करा. मशेरीचा बराचसा काळेपणा त्यानेच जातो, आणि खर्च व्हिनिअरच्या मानाने किरकोळ. सहा महिने मशेरीशिवाय गेले, हिरडी स्थिर झाली, की मग उघड्या पडलेल्या मुळांवर काय करायचं ते ठरवता येईल. बऱ्याचदा तेवढ्याला थोडं कॉम्पोझिट पुरतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. पुढच्या दोन दातांवर पांढरे आणि तपकिरी डाग आहेत. मित्र म्हणतात बोअरच्या पाण्याने झाले. इंटरनेटवर दातांवर चढवायची पांढरी कवचं मिळतात, गरम पाण्यात बुडवून स्वतः बसवायची. घेऊ का?
— एक विद्यार्थी, खर्डी

ती मागवू नकोस. गरम पाण्यात मऊ करून बसवायच्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तुझ्या दातांच्या मापाच्या नसतात. आत अन्न अडकतं, हिरडी सुजते, आणि आतला दात किडला तरी वरून पांढराच दिसतो.

आता डागांचं. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दातांवर पांढरट रेघा किंवा तपकिरी डाग येतात हे खरं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांना हा त्रास आहे. पण एक ध्यानात घे : हे डाग दात हिरडीच्या आत तयार होताना पडतात, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत. आता पितोस त्या पाण्याने पुढच्या दातांवर नवे डाग पडणार नाहीत. शिवाय फ्लोराइडचे डाग सहसा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. एखाद्याच दातावर ठळक डाग असेल तर दुधाच्या दाताला लागलेला मार किंवा बालपणीचा मोठा ताप हेही कारण असू शकतं. आपल्या शहापुरात पाण्याचं दुखणं निराळंच आहे. भातसा, तानसा आणि वैतरणा मुंबईची तहान भागवतात, आणि खर्डी-कसाऱ्याकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घरी बोअरचं पाणी पीत असाल आणि धाकटं भावंड असेल, तर ग्रामपंचायतीला सांगून त्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. तुझ्यापेक्षा त्याच्या दातांसाठी ती जास्त उपयोगाची.

आणि तुला व्हिनिअर नको, निदान आत्ता नको. सोळाव्या वर्षी दाताच्या आतली नस मोठी असते, दात घासताना तिला धक्का पोचायची भीती जास्त. हिरडीची कडही अजून कायमच्या जागी आलेली नसते. डाग उथळ असतील तर सौम्य आम्ल आणि बारीक भुकटी चोळून ते पुसट करतात. पांढरे डाग असतील तर त्यांत पातळ रेझिन मुरवतात. मग ते भोवतीच्या दातात मिसळून जातात. दोन्हींत एनॅमल नखभरही जात नाही असं नाही, पण व्हिनिअरच्या मानाने फारच थोडं जातं.

प्रश्न : खर्च किती, जायचं कुठे? तालुक्याच्या गावी हे होतं का? डॉक्टर खरा आहे हे कसं ओळखायचं?
— एक शिक्षक, किन्हवली

कॉम्पोझिटचं व्हिनिअर दाताला काही हजारांत होतं. पोर्सिलिनचं बहुतेक ठिकाणी दाताला दहा हजारांच्या पुढेच जातं. आठ दात म्हणजे ऐंशी हजारांपासून पुढे, आणि ती एकदाची रक्कम नव्हे हे वर सांगितलंच आहे. सौंदर्यासाठीच्या दंतोपचारांना सरकारी योजना किंवा आरोग्यविमा सहसा लागू होत नाही, हे आधीच धरून चाला. कॉम्पोझिट स्वस्त आहे, खराब झालं तर जागच्या जागी दुरुस्त होतं, पण डाग लवकर धरतं आणि पाच-सात वर्षांत बदलावं लागतं. पोर्सिलिन डाग धरत नाही, चमक राखतं, पण तडकलं तर बहुधा अख्खंच नवं करावं लागतं.

शहापूर, मुरबाडच्या चांगल्या दवाखान्यांत कॉम्पोझिटचं काम नक्की होतं. पोर्सिलिनला प्रयोगशाळा लागते. माप घेतलं की व्हिनिअर तयार होऊन यायला आठ-पंधरा दिवस जातात. त्यामुळे दोन-तीन खेपा होणारच. कमी खर्चात दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय सोपं पडतं. ते सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. आसनगावहून थेट लोकलने सीएसएमटीला उतरायचं, पुढे पायी जाता येतं. मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठून लोकल धरावी. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. सकाळी लवकर जा, बाह्यरुग्ण विभागात रांग असते.

डॉक्टर खरा की खोटा याला कायद्याची कसोटी आहे. दातांवर काम करणाऱ्याकडे बीडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. तो भिंतीवर लावलेला असतो, नसेल तर विचारायला संकोच करू नका. मोठ्या कामासाठी प्रोस्थोडॉन्टिक्स किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्रीतला एमडीएस असेल तर उत्तम. ब्यूटी पार्लरमध्ये फेशियलबरोबर दात पांढरे करून देतात, किंवा बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला खोक्यावर बसून दात लावून देतात, ते कितीही ओळखीचे असोत, तिथे तोंड उघडू नका.

प्रश्न : नमुना आधी पाहता येतो का? रंग कोणता घ्यावा? बहीण म्हणते सगळ्यांत पांढरा घे.
— एक वाचक, वासिंद

नमुना पाहता येतो, आणि पाहिल्याशिवाय होकार देऊच नका. दातांचं माप घेऊन मेणात नवी ठेवण करतात आणि तिचा साचा बनवतात. त्या साच्यात दातरंगी तात्पुरतं मिश्रण भरून ते न घासलेल्या दातांवर दाबतात. पाच मिनिटांत नवं हसू आरशात. ते बोटाने काढताही येतं. हा नमुना तोंडात असताना बोलून पाहा. "फणस", "विहीर", "व्यवहार" असे शब्द म्हणा. दात जास्त लांब झाले असतील तर ओठ अडखळतात. फोटो काढा, घरच्यांना दाखवा, दोन दिवसांनी पुन्हा पाहा.

रंगासाठी डॉक्टर दातांच्या छटांची पट्टी दाताशेजारी धरतात. सर्वत्र वापरतात त्या पट्टीत ए, बी, सी, डी अशा चार गटांत मिळून १६ छटा असतात. ए गट तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, आणि कामाच्या सुरुवातीलाच रंग ठरवा. दात फार वेळ सुका राहिला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि अंदाज चुकतो. बहिणीला सांगा, डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर न ठरता दातांवरच जाते. शिवाय वरचे आठ झगझगीत आणि खालचे तसेच, हे हसताना लगेच कळतं.

प्रश्न : एकदा बसवल्यावर काय खायचं सोडावं लागतं?
— एक वाचक, धसई

भाकरी, भात, सुकट, मटण, सगळं चालतं. सोडायचं ते पुढच्या दातांनी करायची अवजारांची कामं. ऊस दातांनी सोलू नका, सुरीने गंडेऱ्या करून दाढेने खा. पावसाळ्यातल्या खेकड्याची नांगी दाताने फोडू नका, वरवंटा आहेच. बाटलीचं झाकण, सुईचा दोरा, प्लॅस्टिकची पिशवी, नखं, हे सगळं बंद. जांभूळ, करवंद, हळद यांनी पोर्सिलिन डागत नाही, पण कॉम्पोझिट डागतं. खाल्ल्यावर चूळ भरा. कैरी-चिंच खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. आंबटाने एनॅमल तेवढ्या वेळापुरतं मऊ झालेलं असतं. मऊ ब्रश वापरा. मीठ, कोळसा, राखुंडी यांनी घासणं थांबवा. त्यांनी पोर्सिलिनची चमक जाते आणि खऱ्या दातांचं एनॅमलही.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती आधी डॉक्टरला सांगा. सकाळी जबडा दुखतो, घरचे सांगतात की रात्री करकर आवाज येतो, ही तिची खूण. अशांना रात्री घालायचा संरक्षक ट्रे लागतो; तो नसेल तर व्हिनिअर तडकायला वेळ लागत नाही. आणि सहा महिन्यांनी एकदा तपासणी. व्हिनिअरला कीड लागत नाही, पण त्याच्या कडेशी असलेल्या खऱ्या दाताला लागते, आणि ती वरून दिसत नाही.

प्रश्न : एवढं सगळं वाचून डोकं फिरलं. करू की नको, एवढंच सांगा.
— एक वाचक, सरळगाव

तीन गोष्टींची खात्री करा. हिरड्या आणि दात निरोगी आहेत का, म्हणजे कीड नाही, रक्त येत नाही, तंबाखू-मशेरी सुटली आहे? सफाई, ब्लीचिंग, कॉम्पोझिट हे एनॅमल राखणारे उपाय करून पाहिले का? आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तेवढाच खर्च करायची तयारी आहे का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल आणि आरशात पाहून अजूनही मन खट्टू होत असेल, तर नमुना पाहून व्हिनिअर करा. चांगल्या हाताने केलेलं काम समाधान देतं. एकाचंही उत्तर "नाही" असेल तर आधी ते दुरुस्त करा. पहिल्या दोन पायऱ्यांवरच बऱ्याच जणांचं काम भागतं, आणि वाचलेले पैसे लग्नात खर्च करायला वाटा भरपूर असतात.